इन्क्रिमेंटल बॅकअप दर वेळी सगळंच परत कॉपी करतो, नाहीतर काही फाइल्स सोडून देतो: कारणं आणि उपाय

स्वतःचा इन्क्रिमेंटल बॅकअप प्रोग्राम, म्हणजे मागच्या वेळेनंतर बदललेल्या फाइल्सच कॉपी करणारा, लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रॉब्लेम येतो. पहिल्यांदा चालवला की सगळं मस्त, सगळ्या फाइल्स बाहेरच्या ड्राइव्हवर जातात, मग दुसऱ्यांदा चालवला की ज्या फाइल्सना महिनोन्‌महिने कुणी हात लावलेला नाही त्यासुद्धा परत कॉपी व्हायला लागतात, आणि दोन मिनिटांत संपायला पाहिजे ते काम रात्रभर चालतं. मग माणूस काय करतो, तर तारखेची तपासणी थोडी ढिली करतो, आणि तिथून खरा त्रास सुरू होतो कारण आता प्रोग्राम फास्ट झालाय पण काही बदललेल्या फाइल्स घेतच नाहीये, आणि हे कळतं कधी तर डिस्क गेल्यावर.

मी इथे पायथॉन धरून लिहितोय कारण असे बरेचसे प्रोग्राम त्यातच लिहिलेले असतात, पण गो, रस्ट, सी शार्प कशातही लिहा, खालची कारणं तीच राहतात कारण ती भाषेतली नाहीत, फाइलसिस्टीममधली, म्हणजे डिस्कवर फाइल्स साठवायच्या पद्धतीतली आहेत. सेटअप नेहमीचा: लॅपटॉपवरचं एक फोल्डर, आणि यूएसबीची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह किंवा घरातला नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची डिस्कची पेटी. प्रोग्राम प्रत्येक फाइलचा साइज आणि मॉडिफाइड टाइम बघतो, ड्राइव्हवरच्या कॉपीचा बघतो, जुळले नाहीत तर कॉपी करतो.

आधी कोडमध्ये एकच भर घाला, बाकी कशालाही हात लावू नका. फाइल कॉपी करायचं ठरलं की नुसतं 'कॉपी केली' असं लॉगमध्ये लिहू नका, का केली ते लिहा. सोर्सचा साइज, ड्राइव्हवरचा साइज, दोन्हीकडच्या वेळा नॅनोसेकंदात, आणि दोघांतला फरक. नाव सापडलंच नाही म्हणून कॉपी केली असेल तर तसं लिहा. मग प्रोग्राम लागोपाठ दोनदा चालवा, मधे कुठल्याही फाइलला हात न लावता, आणि दुसऱ्या वेळचा लॉग वाचा. फरकाचा आकडाच बहुतेक वेळा सांगून टाकतो की नक्की कुठे बिघडलंय.

फरक दोन सेकंदांच्या आत असेल तर

ड्राइव्हवरची फाइलसिस्टीम फॅट३२ आहे. पेन ड्राइव्ह, जुनी मेमरी कार्डं यांच्यावर हेच असतं. फॅटमध्ये मॉडिफाइड टाइम दोन सेकंदांच्या टप्प्यानेच साठवता येतो, म्हणजे १० वाजून ५ मिनिटं ७ सेकंद ही वेळ तिथे लिहिताच येत नाही, ती ६ किंवा ८ होते. तुमच्या लॅपटॉपवर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टीम) असेल तर तिथे नॅनोसेकंदापर्यंत वेळ आहे, एनटीएफएस (विंडोजची) असेल तर १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यात आहे, त्यामुळे 'बरोबर आहे का' असं विचारलं की उत्तर नेहमी 'नाही'. आरसिंक या फाइल कॉपी करायच्या टूलमध्ये यासाठी मॉडिफाय-विंडो नावाचा ऑप्शनच दिलेला आहे, तिथे १ लिहिलं की एका सेकंदाचा फरक तो माफ करतो.

फरक एखाद्या मायक्रोसेकंदाहून कमी असेल तर दोन शक्यता आहेत. एक म्हणजे वर लिहिलेलं, ईएक्सटी४ वरून एनटीएफएसवर जाताना शेवटचे आकडे कापले जातात. दुसरं म्हणजे तुम्ही वेळ दशांशात घेताय. पायथॉनचा साधा एसटी_एमटाइम हा फ्लोट असतो, आणि आत्ताच्या काळातला सेकंदांचा आकडा, एक अब्ज सत्तर कोटींच्या पुढचा, फ्लोटमध्ये ठेवला की साधारण २३८ नॅनोसेकंदांपेक्षा बारीक फरक त्यात मावत नाही. एसटी_एमटाइम_एनएस वापरा, तो पूर्णांक असतो. आणि वेळ परत लावताना यूटाइमला सुद्धा एनएसवाला आकडाच द्या.

फॅट३२ वर असतानाच एक गोष्ट बघून घ्या, चार जीबीच्या वरची एकही फाइल तिथे मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ, व्हर्च्युअल मशीनची डिस्क, असलं काही असेल तर कॉपी मधेच फाटते आणि तुमच्या प्रोग्रामने ती एरर गिळली असेल तर ती फाइल रोज अर्धी कॉपी होते आणि रोज फेल होते.

फरक बरोब्बर १९८०० असेल तर

१९८०० सेकंद म्हणजे साडेपाच तास, म्हणजे आपला टाइमझोन. हा आकडा दिसला की निम्मं काम झालं. यात पुन्हा दोन कारणं असतात. कोडमध्ये कुठेतरी एका बाजूला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि दुसऱ्या बाजूला लोकल वेळ घेतली जातेय, बहुतेक करून तारीख माणसाला वाचता यावी म्हणून स्ट्रिंग केलेली असते आणि मग तीच स्ट्रिंग परत वाचून तुलना चालू असते. हे करूच नका, तुलना नेहमी पूर्णांक आकड्यांची, स्ट्रिंग फक्त लॉगमध्ये.

दुसरं कारण परत फॅट. फॅटमध्ये वेळ लोकल म्हणून लिहिली जाते आणि टाइमझोन कुठला ते लिहिलेलंच नसतं. विंडोजवर लिहिलेला पेन ड्राइव्ह लिनक्सवर लावला आणि तिथे माउंट करताना यूटीसी धरलं गेलं, की सगळ्याच्या सगळ्या फाइल्स साडेपाच तास पुढे. एक्सफॅटमध्ये यूटीसीपासूनचं अंतर लिहायला जागा आहे, १५ मिनिटांच्या टप्प्यांत, पण कॅमेरे वगैरे प्रत्येक यंत्र ती जागा भरतंच असं नाही.

जे अमेरिकेत किंवा युरोपात राहतात त्यांना हाच प्रकार ३६०० सेकंदांचा दिसेल, आणि तोही वर्षातून दोनदा, घड्याळ पुढे-मागे केलं की. भारतात बसून टेस्ट केलेला प्रोग्राम तिकडे भावाला किंवा बहिणीला दिला की तिकडून मार्चमध्ये तक्रार येते आणि इकडे काही केल्या तो बग दिसत नाही, कारण इकडे घड्याळ बदलतच नाही. टेस्ट करायची असेल तर मशीनचा टाइमझोन न्यूयॉर्क करून हिवाळ्यातली आणि उन्हाळ्यातली अशा दोन तारखांच्या फाइल्सवर चालवून बघा.

नाव सापडत नाही असं लॉग म्हणत असेल तर

हा आपला खास प्रॉब्लेम आहे आणि इंग्रजीतल्या ट्युटोरियल्समध्ये तुम्हाला याचं उत्तर मिळणार नाही. तिथे उदाहरण असतं ते फ्रेंच किंवा जर्मन अक्षरांचं, आणि वाचणाऱ्याला वाटतं आपल्याला काय त्याचं.

'शेतकऱ्यांची यादी', 'दुसऱ्या तिमाहीचा हिशोब', 'कऱ्हाड ऑफिस' अशी फाइलनावं बघा. यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे एकच कोड, यू+०९३१. दुसरा म्हणजे साधा र आणि त्याच्या खाली नुक्ता, यू+०९३० आणि यू+०९३सी. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखेच दिसतात, पण यूटीएफ-८ मध्ये पहिला ३ बाइटचा आहे आणि दुसरा ६ बाइटचा, आणि तुमचा प्रोग्राम बाइट बघतो. मॅकची जुनी फाइलसिस्टीम, एचएफएस प्लस, फाइलनाव साठवताना अशी अक्षरं स्वतःहून सुटी करते. म्हणजे तुम्ही पहिल्या प्रकारे नाव लिहून फाइल बनवली आणि लगेच फोल्डरची यादी मागितली तर नाव दुसऱ्या प्रकारचं येतं. प्रोग्राम म्हणतो ही फाइल ड्राइव्हवर नाहीच, परत कॉपी. आणि तुम्ही 'सोर्समध्ये नसलेल्या फाइल्स ड्राइव्हवरून काढून टाक' असं फीचर ठेवलं असेल तर तो आत्ताच कॉपी केलेली फाइल अनोळखी समजून डिलीट करतो. कॉपी, डिलीट, कॉपी, डिलीट, हे चक्र चालूच राहतं आणि मधे कधी बंद पडलं की ती फाइल बॅकअपमध्ये नाही.

२०१७ च्या हाय सिएरापासून मॅकवर एपीएफएस आली, ती नाव जसं दिलं तसं ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपं एकच धरते, पण मॅकवरची बरीच सॉफ्टवेअर अजूनही सुटं करूनच नाव लिहितात, त्यामुळे तिथून आलेल्या झिपमध्ये, नॅसवर ठेवलेल्या फोल्डरमध्ये हा प्रकार भेटत राहतो. लिनक्स आणि विंडोज यात पडतच नाहीत, जे बाइट दिले ते ठेवतात, म्हणजे तिथे एकाच फोल्डरमध्ये दिसायला तंतोतंत सारख्या नावाच्या दोन वेगळ्या फाइल्स असू शकतात आणि असतात.

उपाय असा. नाव जसं मिळालं तसंच जपून ठेवा, त्याला बदलून फाइल उघडायला जाऊ नका कारण लिनक्सवर ती उघडणारच नाही. फक्त तुलना करण्यासाठी वेगळी की (ओळखीची किल्ली) बनवा, पायथॉनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ आहे, त्याला एनएफसी (सुटे कोड जोडून एक करणारं रूप) सांगितलं की र आणि नुक्ता मिळून परत एकच ऱ होतो. इथे एक खोच आहे: नुक्त्याची सगळी अक्षरं अशी परत जुळत नाहीत. क़, ख़, ज़, फ़, ही यू+०९५८ पासूनची आठ अक्षरं एनएफसीमध्येसुद्धा सुटीच राहतात, युनिकोडने ती मुद्दाम वगळलेली आहेत. गझलांच्या फाइल्स असतील तर हे भेटेल. म्हणून 'नॉर्मलाइझ केल्यावर नाव बदललं म्हणजे नाव खराब होतं' असली तपासणी ठेवू नका, दोन्ही बाजूंना नॉर्मलाइझ करा आणि मग एकमेकांशी ताडून बघा, बस.

आणि जिथे नॉर्मलाइझ केल्यानेही नावं एक होत नाहीत तिथे ती एक करायचा हट्ट करू नका. दुसर्‍या हा शब्द र, हलन्त आणि मधे न दिसणारं झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायचा कोड) टाकून लिहिलेला असतो, जुन्या कीबोर्डांवर तसाच टाइप व्हायचा, तो आणि ऱ वाला दुसऱ्या हे युनिकोडच्या दृष्टीने वेगळेच शब्द आहेत. तसंच ॲ एका कोडने लिहिलेला आणि अ ला वरून चंद्र लावून केलेला, हेही वेगळे. फाइलसिस्टीम त्यांना वेगळं मानते, तुम्हीही वेगळंच माना. कुणीतरी हुशारी करून झेडडब्ल्यूजे काढून टाकणारा कोड लिहितो आणि मग दोन फाइल्स एकाच नावावर जाऊन दुसरी पहिलीला पुसून टाकते, हे नुकसान दर वेळी परत कॉपी होण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

नाव लांब असल्याची एरर

हेही देवनागरीवाल्यांनाच जास्त येतं. ईएक्सटी४ वर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरं नाही, बाइट. देवनागरीचा प्रत्येक कोड यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा, म्हणजे जेमतेम ८५ कोड, आणि त्यात काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजायचे. 'शेतकऱ्यांची' एवढ्या एका शब्दालाच ११ कोड लागतात, ३३ बाइट गेले. एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ युनिटची आहे आणि तिथे आपलं अक्षर एका युनिटात बसतं, त्यामुळे विंडोजवर आरामात असलेलं 'ग्रामपंचायत पाणीपुरवठा योजना...' असलं लांबलचक नाव लिनक्सच्या नॅसवर जाताना एरर ३६ देऊन फेल होतं. नॅसवर ईक्रिप्टएफएस वापरून एन्क्रिप्ट केलेलं फोल्डर असेल तर मर्यादा अजून खाली, १४३ बाइट, म्हणजे देवनागरीचे ४७ कोड.

आणि हे लक्षात ठेवा, तुम्ही कॉपी करताना तात्पुरत्या फाइलला मूळ नावापुढे डॉट टेम्प लावत असाल तर काठावर बसणारं नाव त्या चार-पाच बाइटनी बाहेर पडतं. तात्पुरत्या फाइलचं नाव मूळ नावावरून बनवूच नका, छोटं रँडम नाव द्या.

विंडोजवर पूर्ण पाथची २६० ची मर्यादा वेगळीच आहे, विंडोज १० च्या १६०७ व्हर्जनपासून ती सेटिंगने उठवता येते, पण दुसऱ्याच्या मशीनवर ते सेटिंग चालू असेलच असं धरून चालू नका.

आता जे खरं धोक्याचं आहे ते

वरचे सगळे प्रकार निदान दिसतात तरी, कारण वेळ वाया जातो आणि माणूस वैतागून शोधायला लागतो. फाइल सुटण्याचे प्रकार दिसत नाहीत.

समजा अट अशी लिहिलीय: सोर्सची वेळ ड्राइव्हवरच्या वेळेपेक्षा नवी असेल तर कॉपी कर. वाचायला एकदम बरोबर वाटते. आता मोठी फाइल कॉपी होत असताना लाइट गेली, किंवा कुणी केबल काढली. पायथॉनच्या शटिल मॉड्यूलमधलं कॉपी२ आधी फाइलमधला डेटा लिहितं आणि तो पूर्ण झाल्यावर मग जुनी तारीख लावतं. म्हणजे अर्धवट राहिलेल्या फाइलवर तारीख आहे ती आत्ताची. पुढच्या वेळी प्रोग्राम बघतो, ड्राइव्हवरची कॉपी सोर्सपेक्षा नवी आहे, मग कशाला कॉपी करायची. ती अर्धी फाइल तशीच राहते, जोवर कुणी मूळ फाइल परत बदलत नाही तोवर, आणि जुन्या फोटोंना तर कुणीच बदलत नाही. म्हणून अट नेहमी 'वेगळी आहे का' अशी हवी, 'नवी आहे का' अशी कधीच नको. नुसता साइज तपासूनही भागत नाही कारण लाइट गेल्यावर कधी कधी साइज पूर्ण दिसतो आणि आतला काही भाग नुसते शून्य बाइट असतो.

यावर इलाज ठरलेला आहे: डेटा तात्पुरत्या नावाने लिहा, फ्लश करा, एफसिंक करा (म्हणजे डेटा रॅममध्ये न ठेवता ड्राइव्हवर लिहायला लावा), तारीख लावा, आणि मगच ओएस मॉड्यूलमधल्या रिप्लेसने खरं नाव द्या. विंडोजवर साधं रीनेम वापरलं तर त्या नावाची फाइल आधीच असेल तेव्हा ते एरर देतं, रिप्लेस देत नाही. मॅकवर साधं एफसिंक ड्राइव्हच्या आतल्या कॅशपर्यंत पोचल्याची खात्री देत नाही, तिथे एफसीएनटीएलला एफ_फुलएफसिंक सांगावं लागतं. आणि फॅट किंवा एक्सफॅटमध्ये जर्नल (अर्धवट राहिलेलं लिखाण सावरणारी नोंद) नसतं, त्यामुळे कायमच्या बॅकअपचा ड्राइव्ह तरी एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ करून घ्या, तुम्ही ज्या सिस्टीमवर आहात त्याप्रमाणे.

दुसरी गाजलेली अट: मागच्या बॅकअपनंतर ज्या फाइल्स बदलल्या त्याच घ्या, म्हणजे मॉडिफाइड टाइम मागच्या रनपेक्षा मोठा. हिच्यात तर मोठ्ठं भोक आहे. आज तुम्ही दुसऱ्या फोल्डरमधून गेल्या वर्षीचे फोटो हलवून इथे आणले, किंवा झिप उघडली, तर त्या फाइल्सवर तारीख गेल्या वर्षीचीच राहते. प्रोग्रामच्या हिशोबाने त्या जुन्या, आधीच घेतलेल्या. प्रत्यक्षात त्या बॅकअपमध्ये कधी गेलेल्याच नाहीत आणि कधी जाणारही नाहीत.

तिसरी गोष्ट, तारीख न बदलता आतला मजकूर बदलणाऱ्या फाइल्स. व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामचं कंटेनर, म्हणजे आत फाइल्स कुलूपबंद ठेवणारी एक मोठी फाइल, हे सगळ्यात चांगलं उदाहरण, त्यात डीफॉल्ट सेटिंगच असं आहे की कंटेनर वापरल्यावर त्याची मॉडिफाइड तारीख जुनीच ठेवायची. साइज तर ठरलेलाच असतो. म्हणजे साइज तोच, तारीख तीच, आतला डेटा मात्र पूर्ण वेगळा, आणि ज्या माणसाने कंटेनर बनवलंय त्याने आपला सगळ्यात महत्त्वाचा ऐवज त्यातच ठेवलेला असतो. व्हेराक्रिप्टचं ते सेटिंग बंद करता येतं, ते करा, पण नुसत्या त्यावर विसंबू नका. लिनक्सवर आणि मॅकवर सीटाइम बघा, म्हणजे फाइलची माहिती शेवटची कधी बदलली ती वेळ, फाइलची तारीख कुणी मागे फिरवली तरी सीटाइम पुढे जातोच, बोर्ग बॅकअप हा प्रोग्राम डीफॉल्टने सीटाइम, साइज आणि आयनोड (फाइलचा अंतर्गत क्रमांक) हेच बघतो. विंडोजवर पायथॉन एसटी_सीटाइममध्ये फाइल बनवल्याची तारीख देत आलाय, तो वेगळाच प्रकार आहे, त्यावर जाऊ नका, तिथे ठराविक काळाने सगळ्या फाइल्सचा हॅश (आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

मग करायचं काय

एवढ्या सगळ्या कारणांना एकेक ठिगळ लावत बसायचं नसेल तर मूळ रचनाच बदला. ड्राइव्हवरच्या फाइलला तिची तारीख आणि नाव विचारणंच बंद करा. ड्राइव्हच्या फाइलसिस्टीमने ते दोन सेकंदांनी गोल केलं असेल, साडेपाच तास सरकवलं असेल, ऱ सुटा केला असेल, तिला तुमच्या प्रोग्रामशी काही देणंघेणं नाही. त्याऐवजी वाणी जशी उधारीची वही ठेवतो तशी स्वतःची नोंद ठेवा. मागच्या वेळी सोर्सवर ही फाइल बघितली तेव्हा साइज किती होता, वेळ नॅनोसेकंदात किती होती, सीटाइम किती, आणि तेव्हा लिहिलेल्या डेटाचा हॅश काय. पुढच्या वेळी सोर्सच्या आजच्या आकड्यांची तुलना सोर्सच्याच मागच्या आकड्यांशी करायची. एकाच फाइलसिस्टीमने दिलेले दोन आकडे, मग दोन सेकंदांची सूट लागत नाही, टाइमझोन येत नाही, काहीच ढिलं करावं लागत नाही.

यासाठी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल पुरते. एका ओळीत: मूळ पाथ जसाच्या तसा, एनएफसी केलेली की, साइज, एमटाइम, सीटाइम, एसएचए-२५६, ड्राइव्हवर कुठल्या नावाने ठेवलीय ते, आणि हॅश शेवटचा कधी तपासला ते. आकडे जुळले तर फाइल सोडा. नाही जुळले तर हॅश काढा, हॅश तोच निघाला तर फक्त ओळ अपडेट करा, कॉपी नको. वेगळा निघाला तरच लिहा. क्रम मात्र पक्का ठेवा: आधी फाइल ड्राइव्हवर पूर्ण, एफसिंक आणि रिप्लेससकट, त्यानंतरच वहीत ओळ. उलटं केलं आणि मधे लाइट गेली तर वही म्हणते फाइल आहे आणि फाइल नाहीये. सुलटं असेल तर फार तर एक फाइल दुसऱ्यांदा लिहिली जाते, त्याने काही बिघडत नाही.

आणि वाचायला सुरुवात करायच्या आधी एकदा आणि वाचून झाल्यावर एकदा असं दोनदा स्टॅट (फाइलचा साइज आणि वेळा) घ्या. मधे साइज किंवा वेळ बदलली असेल तर कुणीतरी त्या फाइलमध्ये लिहीत होतं, ती कॉपी टाकून द्या आणि परत घ्या. चालू डेटाबेसच्या बाबतीत तेवढ्याने सुद्धा होत नाही. एसक्यूलाइटची फाइल उचलली आणि शेजारची डब्ल्यूएएल फाइल (ताज्या व्यवहारांची नोंद) राहिली तर शेवटचे व्यवहार गेले, म्हणून पायथॉन ३.७ पासून कनेक्शनवर जे बॅकअप फंक्शन आहे ते वापरून आधी स्थिर कॉपी काढा आणि ती बॅकअपमध्ये घाला. विंडोजवर उघड्या फाइल्स शेअरिंग व्हायोलेशन देतात, एरर ३२, त्यासाठी व्हॉल्यूम शॅडो कॉपी (उघड्या फाइल्सचीही कॉपी घेऊ देणारी विंडोजची सोय) आहे, पण ते जमवायला वेळ लागतो, तोवर निदान न घेतलेल्या फाइल्सची यादी शेवटी ठळक छापा आणि एक्झिट कोड शून्य देऊ नका.

ड्राइव्हवर कुठलं नाव द्यायचं याबद्दल दोन मतं आहेत. फोल्डरची रचना जशीच्या तशी ठेवली तर कुणीही ड्राइव्ह लावून फाइल उघडू शकतं, घरच्यांच्या फोटोंसाठी तेच ठेवा, उद्या आपण नसलो तरी आईला किंवा बायकोला फोटो मिळाले पाहिजेत, त्यांना पायथॉन कुठून येणार. ऑफिसच्या कागदपत्रांसाठी मात्र मला हॅशच्याच नावाने फाइल ठेवणं जास्त पटतं, गिट आतमध्ये असंच करतं. नावाचे सगळे झगडे मिटतात, ऱ असो की ८५ कोडची मर्यादा असो की विंडोजला न चालणारं कोलन असो, एकच डेटा दहा फोल्डरमध्ये असला तरी ड्राइव्हवर एकदाच जातो, आणि जुनी आवृत्ती नवीच्या खाली दबून मरत नाही. बदल्यात वही हरवली की सगळं गेलं, त्यामुळे वहीची कॉपी त्याच ड्राइव्हवर प्रत्येक रननंतर, आणि शिवाय साध्या टेक्स्टमध्ये एक यादी, हॅश आणि मूळ नाव अशी, आणि फाइल्स बाहेर काढायचा छोटा स्क्रिप्टही तिथेच.

डिलीट करणाऱ्या कोडबद्दल

ड्राइव्ह लावलेलाच नाही आणि माउंटचं रिकामं फोल्डर मात्र आहे, मग प्रोग्राम लॅपटॉपच्याच डिस्कवर आनंदाने बॅकअप घेतो आणि डिस्क भरते. हे त्रासदायक आहे पण सावरता येतं. उलट बाजू भयंकर आहे: सोर्स नॅसवर आहे, नेटवर्क गेलंय, सोर्स रिकामं दिसतंय, आणि मिरर करणारा प्रोग्राम ठरवतो की वापरकर्त्याने सगळं डिलीट केलं, आता बॅकअपमधूनही काढू. दोन्हीकडे एक खुणेची फाइल ठेवा, ठरलेल्या नावाची, आत एक रँडम आकडा असलेली, तो आकडा जुळला नाही तर एकही फाइल न हलवता थांबायचं. आणि एका रनमध्ये मागच्या वेळच्या फाइल्सपैकी बऱ्याच, समजा दहा टक्क्यांहून जास्त, गायब दिसल्या तर स्वतः काही ठरवायचं नाही, माणसाला विचारायचं. रॅन्समवेअरने सगळ्या फाइल्सची नावं बदलली तरीही हीच अट मदतीला येते, कारण तेव्हाही जुनी नावं एकदम गायब होतात. डिलीट झालेलं लगेच पुसूच नका, वहीत तारीख टाकून तीन महिने पडू द्या, जागा स्वस्त आहे.

तपासताना एक फसगत

कॉपी केल्यावर लगेच ड्राइव्हवरची फाइल वाचून हॅश जुळवतात, जुळतो, आणि वाटतं की ड्राइव्हवर बरोबर पोचलं. पण आत्ताच लिहिलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टीम रॅममधल्या कॅशमधूनच वाचून देते, ड्राइव्हवर ती नीट लिहिली गेली की नाही ते त्यातून कळतच नाही. म्हणजे तुम्ही रॅमची तपासणी केली. खरी तपासणी ड्राइव्ह अनमाउंट करून, काढून, परत लावून करायची. लिनक्सवर पॉझिक्स_एफॲडव्हाइजला डोंटनीड सांगून ती पानं कॅशमधून काढायची विनंती करता येते, एफसिंक झाल्यानंतर, पण ती विनंतीच आहे, हुकूम नाही. मोठा ड्राइव्ह असेल तर रोज सगळं वाचायची गरज नाही, वहीत शेवटच्या तपासणीची तारीख आहेच, दर रनला सगळ्यात जुन्या तपासलेल्या काही जीबी वाचा आणि हॅश ताडून बघा, असं फिरत फिरत सगळा ड्राइव्ह होतो. पायथॉन ३.११ असेल तर हॅशलिबमधलं फाइल_डायजेस्ट वापरा, तुकडे पाडून वाचायचं लूप लिहावं लागत नाही.

रिस्टोअर मात्र पूर्ण करूनच बघायचं, आणि दुसऱ्या मशीनवर, जमलं तर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर. टेस्टच्या फोल्डरमध्ये या फाइल्स मुद्दाम घाला: ऱ दोन्ही प्रकारे लिहिलेल्या दोन फाइल्स, झेडडब्ल्यूजे असलेलं नाव, ज़ किंवा फ़ असलेलं नाव, ८४ कोडचं देवनागरी नाव, शून्य बाइटची फाइल, चार जीबीच्या वरची फाइल, १९९९ सालची तारीख लावलेली फाइल, आणि साइज व तारीख तीच ठेवून आतला एक बाइट बदललेली फाइल. बॅकअप घ्या, मधेच प्रोसेस किल करा, परत चालवा, मग रिस्टोअर करून प्रत्येक फाइलचा हॅश मूळ फाइलशी जुळवा. विंडोजवर रिस्टोअर होताना शेवटी टिंब किंवा स्पेस असलेली नावं, आणि सीओएन, एनयूएल असली राखीव नावं अडतील, मॅकवर ऱ च्या दोन फाइल्सपैकी एकच उरेल कारण तिथे ती दोन्ही नावं एकच धरली जातात. प्रोग्रामने अशा वेळी दुसरी फाइल पहिलीवर लिहू नये, नावापुढे आकडा लावून ठेवावी आणि शेवटच्या यादीत तसं लिहावं.

एवढं करूनही परत कॉपी होतच असेल तर प्रश्न विचारताना ड्राइव्हची फाइलसिस्टीम, माउंटचे ऑप्शन, एका फाइलच्या दोन्ही बाजूंच्या वेळा नॅनोसेकंदात, आणि नावाचे बाइट हेक्समध्ये, एवढं सोबत द्या. स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही ऱ सारखेच दिसतात.